मागचा पंखा

मंद्रूपच्या पलीकडची वाडी सोडून आम्ही सोलापुरात राहायला आलो, तेव्हा पहिला महिनाभर आईचं डोकं दुखत होतं. आमच्या दोन खोल्यांच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग होते. सकाळी सातला त्यांची खडखड सुरू झाली की फळीवरची भांडीसुद्धा बारीक थरथरायची, आणि घरात बोलायचं तर एकमेकांच्या ओठांकडे बघत बोलावं लागे. वाडीवर आईनं जन्मभर ऐकलेला मोठ्यात मोठा आवाज म्हणजे दिवस मावळताना कळप परत येतानाचा कालवा. गुडघा गेल्यावर आप्पांनी मेंढरं धाकट्या काकांकडे सोपवली आणि इथं एका सुताच्या गोदामावर राखणदारी धरली. हळूहळू आईला त्या खडखडीची इतकी सवय झाली की वीज गेली आणि सगळे माग एकदम बंद पडले, की परातीतल्या पिठात हात तसाच ठेवून ती दाराकडे बघायची आणि विचारायची, "काय झालं गं?" काही झालेलं नसे. पण ती भीती माझ्यातही उतरली. चालू असलेला आवाज मध्येच थांबला की काहीतरी मोडलं, असं मला आजही वाटतं.

आठवड्यातून दोनदा आई कडक भाकरीची चवड करून ठेवायची. मोठी, पापडासारखी पातळ, हातात धरली तर कडेनं मोडणारी. खलबत्त्यात शेंगाचटणी कुटताना मागांच्या ठेक्यात तिचा बत्ता नकळत पडायचा. उन्हाळ्यात सकाळी आंबील, दुपारी भाकरी, चटणी, कांदा. आप्पा गोदामावर जाताना फडक्यात तेच बांधून न्यायचे. तिथल्या कुणाकडून तरी त्यांनी ऐकलं की चादरींची नक्षी आता कागदावर काढत नाहीत, कंप्युटरवर काढतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला सात रस्त्याजवळच्या एका क्लासात नेऊन बसवलं. क्लास एका दुकानावरच्या माडीत होता. तिथले सर तरुण होते, घाईत बोलायचे, आणि कंप्युटरच्या खोक्याच्या आत काय काय असतं हे एकदा उघडून दाखवायचे. एकदाच. मी तेव्हा मागच्या रांगेत उभी होते. पुढच्या मुलांच्या खांद्यावरून मला फक्त सरांचा स्क्रूड्रायव्हर दिसला.

ज्या उन्हाळ्याचं मी सांगते आहे, त्याच्या थोडं आधी मामांनी अकलूजकडचं एक स्थळ आणलं होतं. उसाचं घर, एकुलता एक मुलगा, नाव ठेवायला जागा नाही. आई राजी होती. आप्पांनी मात्र मामांना सांगितलं, "वरीसभर थांबा. पोरगी कंप्युटरवर चादरी काडती. हातातलं काम सोडून कसं न्यायचं तिला?" मामा म्हणाले, "आन् काम सुटलं तर?" आप्पा म्हणाले, "मग बगू की." त्या 'बगू की'वर माझं सगळं टांगलेलं होतं, हे घरात आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

ते काम मला मिळालं होतं राजेशम शेठ यांच्या कारखान्यात. ते तेलुगू पद्मशाली, पिढीजात विणकर, साठीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, जाड काचेचा चष्मा. चिडले की आवाज चढायचा नाही, उतरायचा, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटायची. मागांच्या शेडला लागून एक लहान खोली होती. तिच्यात टेबल, मोठ्या पडद्याचा कंप्युटर आणि टेबलाखाली भिंतीला टेकवलेलं त्याचं उभं खोकं. मी पडद्यावर चौकडीच्या कागदासारख्या घरांत एकेक चौकोन भरून नक्षी काढायची, मग त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं टोचली जायची, आणि ती कार्डं मागावर चढली की नक्षी चादरीत उतरायची. पहिल्यांदा माझं कमळ कापडात उतरलेलं पाहिलं तेव्हा मी ते हातानं चाचपून बघितलं होतं.

खोली झाडायला खैरुनआपा यायच्या. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, ओढणी कमरेला खोचलेली. मागांची बारीक रुई शेडमधून उडत यायची आणि टेबलावर, पडद्यावर, माझ्या वेणीवर, डब्यातल्या चटणीवरसुद्धा बसायची. आपा सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ती गोळा करायच्या. खोक्यावरून ओलसर फडकं फिरवायच्या, कारण कोरड्या फडक्यानं रुई नुसती जागा बदलते, असं त्यांचं म्हणणं. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. माझ्या भाकरीचा तुकडा मोडून त्या म्हणायच्या, "तेरी अम्मा का हात अच्छा है. दांत मेरे अच्छे नै." आणि भाकरी त्यांच्या आमटीत बुडवून ठेवायच्या.

एप्रिल संपता संपता खोक्याचा आवाज वाढला. आतले पंखे घुरघुरत होते. मी वाकून बघितलं तर मागच्या पंख्याच्या पात्यांवर रुईचा थर चढून ती गोधडीसारखी जाड झालेली. शेठ त्या दिवशी सूत बघायला बाहेर गेलेले. त्यांना विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, एवढं साधं काम, क्लास केलेल्या मुलीनं विचारायचं कशाला. मी खोकं बंद केलं, कार्डं टोचायच्या यंत्राजवळचा स्क्रूड्रायव्हर आणला, बाजूचा पत्रा काढला, मागच्या पंख्याचे चार स्क्रू सोडवले. पंखा खिडकीत नेऊन जुन्या ब्रशनं पातं न् पातं साफ केलं. रुई काढल्यावर तो नव्यासारखा काळा झाला. परत बसवताना चारही भोकं दोन्ही बाजूंनी सारखीच बसत होती, त्यामुळे कोणती बाजू आत आणि कोणती बाहेर, हा प्रश्नच माझ्या मनात आला नाही. पंखा म्हणजे फिरणारा, फिरला की झालं. खोकं सुरू केलं, पंखा फिरला, घुरघुर गेली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन ऐन माथ्यावर असताना, कमळाची अकरावी पाकळी भरत होते आणि पडदा काळा झाला. वीज गेलेली नव्हती. डोक्यावरचा पंखा फिरत होता, बाहेर माग चालू होते. फक्त माझ्या पायाजवळचा आवाज थांबला होता. मी खाली वाकून पत्र्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. तो तव्यासारखा तापला होता.

थोडा वेळ थांबून चालू केलं तर चालू झालं. तासाभरात पुन्हा बंद. पुढचे चार-पाच दिवस हाच खेळ. सकाळी ठीक, दुपारी बंद. दर पाकळीनंतर मी काम साठवून ठेवायला लागले, तरी मध्येच बंद पडलं की अर्धी पाकळी जायचीच. नक्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाची होती आणि मागावर चढायला उशीर होत होता. शेठ दारात येऊन उभे राहत, पडद्याकडे बघत आणि जात. त्यांच्या चपलांचा आवाज आला की माझ्या हातातला माऊस सरकेनासा व्हायचा. मला आतून माहीत होतं की हे मी खोकं उघडल्यानंतर सुरू झालंय. काय बिघडवलं ते मात्र माहीत नव्हतं. क्लासात सरांनी सांगितलं होतं, आतल्या सर्किटच्या पट्टीला नुसतं बोट लागलं तरी ती जळू शकते. मला वाटत होतं, माझं बोट कुठेतरी लागलंय.

शेवटी शेठनी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो सकाळी आला. सकाळी खोकं गार असायचं, ते मुकाट चालत राहिलं. त्यानं वरच्या पत्र्यावरचा ओल्या फडक्याचा सुकलेला डाग बघितला, बोटानं खरवडला आणि म्हणाला, "ह्याला पाणी लावता का? आत ओल गेली असंल." एवढं बोलून तो गेला.

शेठनी खैरुनआपांना तिथंच बोलावलं. मी खुर्चीत बसलेली. शेठ खालच्या आवाजात म्हणाले, "लाखाची नक्षी अडकून पडली. तुला यंत्राला पाणी लावायला कुणी सांगितलं? उद्यापासून येऊ नको." आपांनी फडकं घडी करून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी पडद्याकडे बघत होते. पडद्यावर काहीच नव्हतं, मी अजून कंप्युटर चालू केलेला नव्हता. त्या गेल्या, आणि त्यांच्या चपलांचा आवाज शेडच्या खडखडीत मिसळून गेला तरी मी तशीच बसून राहिले.

इतकी वर्षं झाली, आता माझेही केस पिकले, पण त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलेली मी मला स्पष्ट दिसते. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी तेव्हा करत होते असंही नाही. भीती वाटली की माणूस विचार करतो असं म्हणतात, माझा अनुभव तसा नाही. मला फक्त आप्पांचं 'बगू की' ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सात रस्त्याला सरांकडे गेले. मैत्रिणीचा कंप्युटर दुपारी बंद पडतो, असं खोटं सांगितलं. सर एका मुलाचं काहीतरी तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "गरम होत असेल. मागं हात धर. गरम वारा हाताला लागला पाहिजे. पुढच्या पंख्यानं खालून गार हवा आत घ्यायची, मागच्यानं वरून गरम बाहेर टाकायची, एवढंच असतं ते. पंख्याच्या एका अंगाला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतो, हवा त्या अंगानं बाहेर पडते. कुणी उलटा बसवला नाही ना, बघ." मी घाईनं जिना उतरले. उलटा कुणी बसवला होता, ते मला माहीत होतं.

कारखान्यात येऊन मी टेबलाखाली शिरले. खोकं भिंतीपासून ओढलं. मागच्या जाळीवर रुईची दाढी चिकटली होती. बाहेरून. वारा बाहेर येत असता तर रुई तिथं टिकलीच नसती. पंखा तिला आत ओढत होता. आणि त्या जाळीच्या बरोबर वर, वीज पुरवणाऱ्या डब्याचं तोंड होतं, ज्यातून गरम वाफारा बाहेर पडत होता. वरच्यानं टाकलेली गरम हवा खालचा पंखा पुन्हा आत घेत होता, आणि भिंत जवळ असल्यानं तिला दुसरीकडे जायला वाटही नव्हती. बिचारं यंत्र स्वतःचाच श्वास पुन्हा पुन्हा घेऊन घुसमटत होतं. मी चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, स्टिकरची बाजू बाहेर केली. पुढची जाळीही साफ केली, खोकं भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलं. त्या दिवशी दुपारी ते बंद पडलं नाही. पुढच्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी शेठ खोलीत आले. कमळ पुरं झालं होतं. ते कधी नव्हे ते हसले आणि, पोरीबाळींना अम्मा म्हणायच्या तेलुगू सवयीनं, म्हणाले, "बघ अम्मा, ती बाई गेली आणि यंत्र सुधारलं. मी म्हणत होतो की नाही?"

मला वाटलं होतं, दुरुस्त झालं की भीती जाईल. ती तिथून खरी सुरू झाली. मी जे नीट केलं होतं, तेच आपांवरचा पुरावा झालं होतं. कंप्युटर जितके दिवस नीट चालणार, तितक्या त्या जास्त दोषी ठरणार. मला पंख्याचा तो एकसुरी आवाज ऐकवेना. घरी आले तर ताटातली भाकरी मी नुसती मोडत बसले. कडक भाकरी मोडली की आवाज होतो. आईनं चुलीपुढून वळून बघितलं.

"कुणाचं काय मोडलंस?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. आप्पा उंबऱ्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते, त्यांनाही ऐकू गेलं. आई म्हणाली, "ती बाई घरी बसली, आन् तू हितं भाकरीचा चुरा करत बसलीस व्हय." मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं, ते मामांचं नाव काढतील. ते म्हणाले, "काम गेलं तर जाऊ दे. पर सांगून ये."

सकाळी आंबील न घेताच मी निघाले. मी शेठच्या टेबलापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "पाण्यानं नाही झालं. मी केलं." त्यांनी चष्मा वर केला. मी पंख्याचं सांगितलं, पण बोलताना शब्द मागेपुढे होत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. "पंखा उलटा म्हणजे काय? पंखा पंखा असतो," ते म्हणाले. मी म्हणाले, "दाखवते. तुमच्यासमोर पुन्हा उलटा बसवते. दुपारी बंद पडेल." तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. नाही बंद पडलं तर मी खोटी ठरणार होते. पडलं आणि परत कधी सुरूच झालं नाही तर त्याहून वाईट. शेठ म्हणाले, "दाखव."

मी आधी कांडीवरचं वीतभर सूत तोडून मागच्या जाळीसमोर धरलं. सूत भिंतीकडे उडालं. मग यंत्र बंद करून पंखा उलटा केला, खोकं भिंतीला टेकवलं, चालू केलं आणि पुन्हा सूत धरलं. आता ते जाळीकडे ओढलं गेलं आणि तिला चिकटून बसलं. शेठनी वाकून ते बघितलं. सुतात सगळं आयुष्य गेलेला माणूस, त्यांना सुताचं लगेच समजलं. तरी ते गेले नाहीत. खुर्ची ओढून म्हणाले, "बसू."

आम्ही बसलो. बाहेर ऊन चढत गेलं. मी नव्या नक्षीची वेल भरत होते, ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. एक वाजला. दीड वाजला. पत्रा तापला होता, पण यंत्र चालूच होतं. माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ जात होते. बंद पड, असं मी मनात म्हणत होते, आणि पडू नको, असंही. शेठनी मागवलेला चहा दोघांचाही निवून गेला. दोनच्या पुढे, एका पानाच्या टोकाशी, पडदा काळा झाला.

शेठ म्हणाले, "पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमची. आणि लग्नाची."

"लग्नाची?" असं म्हणत ते खुर्चीतून उठले. "पंखा सरळ कर," ते म्हणाले. "आणि तिला तू घेऊन ये."

संध्याकाळी आईनं दिलेली भाकरीची चवड घेऊन मी आपांकडे गेले. घर एका अरुंद बोळात, आमच्यासारखंच दोन खोल्यांचं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी दारातच उभ्यानं सगळं सांगितलं. त्या निवडत राहिल्या.

"मेरेकू मालूम था," त्या म्हणाल्या. "तू खिडकी में पंखा घिसती थी, मैं बाहर से देखी."

"मग शेठना का नाही सांगितलंत?"

"बोलती तो तेरेकू निकालते. झाडू तो मैं कहीं बी मारती. तेरेकू दुसरा कंप्युटर कौन देता?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तू आती करके रुकी थी मैं. आई. बैठ."

मी बसले आणि म्हणाले, शेठ परत बोलावतात. त्यांनी मान हलवली. "मैं आती नै. तू चुप बैठी, वो तो तू डरी. शेठ मेरेकू पूछे बी नै. एक बार पूछना था."

हे शेठना सांगणं मला सगळ्यात कठीण गेलं. रात्रभर मी ते वाक्य सौम्य करून बघत होते. सकाळी मात्र जसं ऐकलं तसंच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. मग चपला घालत मला विचारलं, "राहते कुठं ती?" बारा वर्षं आपा त्यांच्याकडे कामाला होत्या. मी बोळ सांगितला. ते एकटेच गेले. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही.

चार दिवसांनी खैरुनआपा आल्या. झाडू भिंतीला टेकवला, ओढणी खोचली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "डब्बा खोल. मेरेकू बी दिखा. फिर कबी बंद पड्या तो मेरेकू मालूम रहना." मी यंत्र बंद केलं, पत्रा काढला, पुढचा पंखा दाखवला, मागचा दाखवला, स्टिकरची बाजू दाखवली. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि तिसऱ्यांदा मला स्वतःच सांगून दाखवलं. मग मी यंत्र सुरू केलं. त्या टेबलाखाली वाकल्या आणि मागच्या जाळीशी तळहात धरून बसल्या, बराच वेळ.

"गरम है," त्या म्हणाल्या.

"बाहेर येतंय ना?"

"हौ."

"मग बरोबर आहे," मी म्हणाले.